यमुताईंच्या दारातला दिवा

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. मायलेकी डबा भरत होत्या, दीक्षा जरा फुरंगटूनच.

"मी उचलू?" दीक्षानं विचारलं.

"राहू दे. कुठं थांबलं ते कळलं मले." प्रेमिलानं वाकून नेमकं झाकण उचललं. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पण या स्वयंपाकघरात ती कशालाच अडखळत नसे.

"मोठे बाबा मले कामठीले नेतीन का?" दीक्षाचा रुसवा तिथंच अडला होता.

प्रेमिलाचा नवरा गेल्यापासून तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर लहानू, एकच धरून बसले होते. आंधळ्या बाईनं पोरगी कशी वाढवावी? प्रेमिलाची इंटर्नशिप संपेपर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलं होतं. पुढं नोकरी लागली तर दीक्षा आईजवळ. नाही तर कामठीला त्यांच्याकडं.

"नाही नेत. आज मोठे साहेब माहं काम पाहणार आहेत. पसंत पडलं तर ठेवून घेतीन."

"मंग मले बी ने नं. यमुताई आजीचा आवाज ऐकायचा आहे."

शाळेला सुट्ट्याच होत्या. प्रेमिला हसली. "चाल."

सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात दिव्यांगांसाठी इंटर्नशिप निघाली, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारी ऐकायचा फोन प्रेमिलाच्या वाट्याला आला. डाव्या हाताला थंड काच लागली की तिची खुर्ची. काचेपलीकडं नुसती कपाटं आहेत, कोणी बसत नाही, असं भैरवी मॅडमनी सांगितलं होतं. या मॅडम तिथल्या कारकून. आपल्यातला चहा अर्धा करून देणाऱ्या, उन्हात तिला बसपर्यंत सोडायला येणाऱ्या.

फोन फार येत नसत. आला तर बहुतेक यमुताईंचाच, तोही मॅडम जेवायला गेल्या की. "दात नाहीत पोरी, समजून घेजो," म्हणत म्हातारी बोलायची. आवाजामागं कूलरची घरघर आणि मधूनच एक टक्क. प्रेमिलाच्या खोलीतला कूलरही तसाच वाजे. एवढ्या उन्हात म्हातारीजवळ कूलर तरी आहे, याचंच तिला बरं वाटायचं.

यमुताईंच्या दारापुढच्या खांबावरचा दिवा बंद होता. अंधार पडला की त्यांना बाहेर निघायची भीती. प्रेमिलानं कार्यालयातल्या साहेबांच्या मागं टुमणं लावलं, रोज आठवण केली. मग एक दिवस फोन आला.

"लागला वं पोरी दिवा! तुनं माह्या दारात उजेड पाडला."

त्या दिवशी ती रस्ताभर हसत घरी आली. दीक्षाला जेवताना सांगितलं, शेजारच्या प्रमोदिनीलाही बोलावून सांगितलं.

"म्या लावला होता तुह्या हापिसात फोन, सासूसाठी," प्रमोदिनी म्हणाली. "लागतच नाही वं."

"यमुताई बोलत असतीन तवा. एकदा सुरू झाल्या की सोडतात काय त्या?"

दोघी खूप हसल्या होत्या.

आज भैरवी मॅडम दारातच भेटल्या. "अगं, पोरीला आणलंस?"

"तिले यमुताईंशी बोलायचं आहे म्हणते."

मॅडमनी घाईघाईनं पर्स उघडली. दीक्षाच्या हातात चॉकलेट ठेवलं. "मी जेवून येते," म्हणाल्या.

"इतक्या लवकर, मॅडम?"

चपलांचा आवाज लांब गेला.

थोड्या वेळानं साहेब तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना घेऊन आले. "ही आमची प्रेमिला. हा फोन पूर्ण हीच सांभाळते."

जणू ऐकत असल्यासारखा फोन वाजला.

"नमस्कार, मदत केंद्र. बोला," प्रेमिला म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "यमुताई! दिवा जळून राहिला नं? अन् गुडघा कसा आहे? उन्हात निघू नका बरं, पाणी पीत राहजा."

"वा," मोठे साहेब मागून म्हणाले. "अशी माणसं ठेवून घ्यायलाच हवीत."

कामठी एकदम लांब गेली. आता ही गोष्ट कोणाला तरी सांगायलाच हवी होती, आणि सगळ्यात आधी हक्काचं माणूस फोनवरच होतं.

"आजी, तुमच्या पायी मले नोकरी लागून राहिली. माही दीक्षा आली आहे, तिच्याशी बोला."

तिनं रिसीव्हर पोरीच्या हाती दिला. खुर्ची सरकली, दीक्षा वर चढली असावी. काचेवर बोटं टेकल्याचा आवाज आला.

"बोल नं वं. आजी वाट पाहून राहिली."

मागं उभ्या साहेबांनी घाईनं घसा खाकरला. मग कूलर तेवढा घरघरत राहिला. टक्क.

"आई," दीक्षानं हळूच विचारलं, "यमुताई आजीचा फोन तर काचेच्या तिकडं भैरवी मॅडमच्या हातात आहे. त्या रडून काहून राहिल्या?"