बॉयलरवरची बदली

हिंदुराव जाऊन आठ महिने झाले, तरी खेळातल्या कारखान्यात ते अजून बॉयलरसमोर उभे होते. चष्मा लावून खेळायचा तो खेळ ते सात वर्षं रोज खेळले होते, आणि त्यानं त्यांची चाल, आवाज, सवयी सगळं उचललं होतं. साखर कारखान्यात बॉयलरवर उभी हयात काढलेला माणूस. बदलीचा माणूस आल्याशिवाय त्यांनी जागा कधी सोडली नव्हती, आणि आता त्यांची आकृतीही सोडत नव्हती.

मालनबाई रोज दुपारी खेळाचा चष्मा चढवायच्या, कोळशाची गाडी भट्टीपाशी रिकामी करायच्या आणि त्यांच्याकडं बघत बसायच्या. खेळात त्या निळ्या कपड्यातल्या कुणीतरी कामगार होत्या. हिंदुराव त्यांना ओळखत नव्हते.

चारचा भोंगा झाला की ते विचारायचे, "बदली आली का?"

मालनबाई नाही म्हणायच्या. नाही म्हटलं की ते थांबायचे.

आज भोंगा झाला तेव्हा हिंदुरावांनी कमरेवर हात दाबला, शेवटच्या वर्षी दाबायचे तसाच. मालनबाईंना ते बघवेना. त्यांनी फावडं उचललं.

"मी आले बदलीला. तुम्ही जावा आता."

"वाफेचा दाब पडू देऊ नका, बाई." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि दारात वळून हसले. "बरं झालं आलात. घरी मालन जेवायची थांबली असंल."

मालनबाईंना मागं धावायचं होतं. पण दाबाचा काटा खाली यायला लागला होता, आणि बदलीला दुसरं कुणीच नव्हतं. त्यांनी फावडं कोळशात घातलं.