ओढ्यातले नर

तळ्यातल्या नर माशांच्या पोटात अंडी सापडली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाई हबकल्याच. शेतांतल्या कीटकनाशकाने माशांच्या हार्मोन्सची पार वाट लावली होती, आणि तेच पाणी गावच्या नळांना जात होतं.

"साहेब, नळ बंद करा," बाई पाणीपुरवठ्याच्या साहेबांना म्हणाल्या.

"बाई, आधी चांगल्या पाण्यातले मासे आणा. तुलना नको का करायला?"

बाईंनी आणखी दहा तळी पालथी घातली. सगळीकडे तीच गत. शेवटी डोंगरातल्या ओढ्यात अस्सल नर सापडले, तशा त्या धावतच साहेबांकडे गेल्या.

"अकरा ठिकाणी एकसारखं, एकाच ठिकाणी वेगळं," साहेब खुशीत म्हणाले. "शाब्बास बाई! गडबड कुठंय ते शोधलंत!"



दुसऱ्या दिवशी ओढ्यावर पाटी लागली: 'येथील मासे असामान्य आहेत. पाणी पिऊ नये.'