मूठभर काडेचिराईत

"यंदा सुटलो, असं मी म्हणालोच नाही हं," म्हणत शेजारच्या टेंबेकाकांनी पेला हातात घेतला.

आई जाऊन महिना झाला होता. दर चैत्रात ती काडेचिराईत रात्रभर भिजवून सकाळी ते कडू पाणी अख्ख्या बिल्डिंगला पाजायची. ताप येत नाही, रक्त शुद्ध होतं, म्हणायची. यंदा ते काम मी केलं. ती तांब्यात दोन काड्या घालायची. मी मूठभर घातल्या.

पण नुकतीच आई गेलेल्या मुलीला नाही कोण म्हणणार? काकांनी डोळे मिटून पेला रिकामा केला आणि जिन्याचा कठडा धरला. मालनकाकू "अगदी आईची आठवण झाली गं" म्हणाल्या आणि गूळ शोधायला घरी पळाल्या.

मला काळजी बाबांची होती. रसायनशास्त्राचे हे निवृत्त शिक्षक आई गेल्यापासून रडले नव्हते, धड बोललेही नव्हते. आज मात्र एक घोट घेऊन त्यांनी तोंड उघडलं. "टेंबे, यातलं कडू द्रव्य, अमॅरोजेंटिन, लाखो थेंब पाण्यात एक थेंब असलं तरी जिभेला कळतं. तुमच्या वहिनी मोजून घालायच्या. ही पोरगी बिल्डिंग रिकामी करेल."

उरलेलं ते एका दमात प्यायले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"फार कडू झालंय. डोळ्यांत पाणी आलं."

पाणी कांद्याने येतं. कडू चवीचं काम जिभेवरच संपतं, हे त्यांनीच मला आठवीत शिकवलं होतं. मी तांब्या उचलला.

"अजून देऊ?"

त्यांनी पेला पुढे केला.