कपलिंग

इंजिन धडधडत होतं, पण पंखा फिरेना. लाटा होडीला खडकांकडे ढकलत होत्या. हिराजीने घाईने इंजिनावरची फळी उचलली. इंजिनचा शाफ्ट पंख्याच्या शाफ्टला जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट तुटले होते. त्याने इंजिन बंद केलं.

नवे बोल्ट होते, पण लाटेगणिक पंख्याचा शाफ्ट फिरे आणि भोकं जुळेनात. शेवटी धाकटा भाऊ धर्मा खाली उतरला. आईच्या आजारपणावरून भांडल्यापासून दोघे एकाच होडीवर असूनही बोलत नव्हते. धर्माने दोन्ही हातांनी शाफ्ट घट्ट धरला.

"सोड, बोटं जातील तुझी!"

"तू बोल्ट घाल, दादा."

हिराजीने भराभर बोल्ट आवळले. इंजिन सुरू होताच होडी खडकांपासून दूर सरकू लागली.

"हात बघू," हिराजी म्हणाला. धर्माने सोललेले तळवे पुढे केले.