पोचपावती

म्हातारा अबू ओदेह खुर्चीत टेकायलाच तयार नव्हता. पोराने अंगावर हात टाकला, लिहून घे, आत्ताच्या आत्ता, एवढंच त्याचं चाललं होतं. टेबलापलीकडे हवालदार नायल कीबोर्ड पुसत वेळ काढत होता. त्या पोराची, ओदेहची, परवा लष्कराची भरती होती. तक्रार एकदा संगणकात गेली की गेली, मग या पोराला कोण दारात उभं करणार?

जॉर्डनमधल्या करकच्या पोलीस ठाण्यात चोवीस वर्षं नायलने अशा तक्रारी एक रात्र खणात मुरू दिल्या होत्या. सकाळपर्यंत निम्म्यांचा राग उतरलेला असायचा. आता पंधरा मिनिटांत नोंद झालीच पाहिजे, असा वरून हुकूम होता. नवी पद्धत कशी वाटते म्हणून मतपत्रकही आलं होतं, तर ठाण्यातल्या झाडून सगळ्यांनी 'समाधानी'वर खूण केली. नायलनेही केली. उगाच वाईटपणा कोण घेतो? ती पत्रकं गोळा करणारी फौजदार रुबा आज त्याच्या पाठीशीच वेळ मोजत बसली होती.

नायलने कॉफी मागवली. म्हाताऱ्याने तिला हात लावला नाही. मग आजोबांचं नाव झालं, पणजोबांचं झालं, चुकलेलं अक्षर दोनदा खोडून झालं.

"उद्या या की, अबू ओदेह. हे थेट अम्मानला, मुख्यालयात जातं बरं का."

"जाऊ दे. राजाच्या उशाशी जाऊ दे."

दोन मिनिटं उरली, असं रुबाने मागून सांगितलं. नायलने बटण दाबलं, तक्रार अम्मानला गेली. प्रिंटरमधून पोचपावती निघाली.

ती हातात पडली तसा म्हातारा मटकन खाली बसला. गार कॉफी एका घोटात प्यायला, डोळे पुसले. मग त्याने पावतीचे चार तुकडे केले आणि नायलच्या मुठीत कोंबले. मागच्या खेपेला नायलनेच त्याच्यासमोर तक्रार अशी फाडली होती.

"अल्ला तुझं भलं करो, नायल. राग होता, गेला. पोटचं पोर आहे शेवटी."

तो बाहेर पडला तशी रुबा हळूच म्हणाली, "त्यांना सांगा ना."

"तुम्हीच सांगा, मॅडम."

दोघांपैकी कुणीच उठलं नाही. बाहेर पायरीवर म्हातारा फोनवर मोठमोठ्याने बोलत होता.

"ओदेह, गाडी घेऊन ये रे मला न्यायला. आणि येताना केस कापून ये. परवा भरतीत शोभला पाहिजेस."