तापवायचे प्लग

चेझेनातिकोच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर तीन फेऱ्या उरल्या होत्या आणि आठ शर्यतींत एकदाही शेवटपर्यंत न पोचलेली प्रायोगिक मोटरसायकल आज स्वार दुइलिओच्या हाती पहिली होती. आजही पोचली नाही तर कारखाना ती मोडीत काढणार होता. दुइलिओला दाखवायच्या फळ्यावर उरलेल्या फेऱ्यांचा आकडा लिहायला मेकॅनिक ओविदिओने खडूसाठी खिसा चाचपला, तर खडूबरोबर हाताला शर्यतीचे दोन्ही स्पार्क प्लग लागले. म्हणजे शर्यतीआधी इंजिन तापवायला लावलेले, शर्यतीची उष्णता न सोसणारे प्लग अजून आतच होते. “साहेब, प्लग बदलायचे राहिले माझ्याकडून.” गाडी घडवण्यात चार वर्षं घालवलेल्या सावोर्नांनी हळूच विचारलं, “टिकेल ना?” “गारठ्यामुळे टिकली एवढी. पिस्टन वितळला की चाक अडकेल, दुइलिओ भिंतीवर जाईल.” “तीनच फेऱ्या उरल्यात रे.” “तुम्ही बसाल तिच्यावर?” सावोर्नांनी खडू हिसकावला, स्वतःच ‘थांब’ लिहिलं आणि फळा डोक्यावर धरला. समोरून जाताना दुइलिओने वाचलं, नकारार्थी मान हलवली आणि वेगाची मूठ आणखी पिळली.