वळवलेलं वादळ

वेंगुर्ल्याच्या बंदरावर त्या सकाळी ढोल वाजत होते. किनाऱ्याकडे झेपावणारं वादळ साता समुद्रापलीकडच्या एका बलाढ्य देशानं आपल्या उपग्रहांनी वळवलं होतं आणि गावातलं एक कौलही हललं नव्हतं. सरपंचांनी पेढ्यांचा खोका हेमांगी तांडेलांपुढे धरला.

"घ्या काकू. त्यांच्यामुळे आज आपली घरं उभी आहेत."

"वळवलं म्हणजे कुठे पाठवलं हो?" हेमांगीकाकूंनी विचारलं.

"पश्चिमेला, ओमानवर..." म्हणता म्हणता सरपंच थबकले. काकूंची मुलगी प्रणिता लग्न होऊन तिथेच, ओमानच्या सलाला शहरात राहत होती.

काकू तिला फोन लावत राहिल्या. दुपारी एकदाचा तो लागला.

"आई, घरात पाणी शिरलं, सगळं गेलं. पण आम्ही डोंगरावरच्या शाळेत आहोत. बाळ सुखरूप आहे. तुमच्याकडे कसं आहे?"

"आमच्यावरचं तुझ्या अंगावर घातलं गं त्यांनी," काकू म्हणाल्या.

"इथे सगळे त्यांना शिव्याच देतायत. आणि आत्ता त्यांच्याच विमानानं ब्लँकेटं टाकली. घ्यावं की फेकून द्यावं, कळेना. शेवटी बाळाला गुंडाळलंय एकात."

काकूंनी डोळे पुसत विचारलं, "उबदार आहे का गं?"

"आहे."

"मग पाय उघडे राहू देऊ नकोस त्याचे."